दार नंबर सत्तावीस हजार पंधरा

हिंजवडीजवळच्या नेऱ्यात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचो त्या तात्यांच्या घराला पाच दारं होती, आणि पाचही दारांवर लाल ऑइलपेंटनं नंबर घातलेले होते. पुढच्या दारावर एक. गोठ्याकडच्या दारावर दोन. स्वयंपाकघरातून मोरीकडे उघडणाऱ्या दारावर तीन. आम्हा भाडेकरूंच्या जिन्याला चार. इथपर्यंत कुणालाही समजेल. पाचवं दार मागच्या पडवीत उघडायचं. त्याच्यावर त्याच लाल रंगात, फळी पुरली नाही म्हणून शेवटचा आकडा जरा खाली घसरलेला, असा नंबर होता : २७०१५.

वीजबिल वाटायला येणाऱ्या माणसानं एकदा न राहवून विचारलं, "तात्या, मधली सत्तावीस हजार दारं कुठायत?"

"ती बंद हायेत," तात्या म्हणाले. "तुमी एक नंबरचे. हितं मागं काय करताय? फिरून या."

तो माणूस घराला वळसा घालून पुढच्या दारी गेला. तोवर तात्या घरातून चालत जाऊन तिथं उभे. "हां. आता बोला. कितीचं आलंय?"

हा नियम सगळ्यांना होता. गाईचं दूध न्यायला येणाऱ्या बायका दोन नंबरला. काकींच्या मैत्रिणी तीन नंबरला. मी कधी भाडं द्यायला पुढच्या दारी गेलो तर तात्या माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "चार नंबरनं या, सायेब." मग मी जिना चढून, परत उतरून, जिन्याच्या दारातून हाक मारायची. जमिनीचे एजंट यायचे, पांढरेशुभ्र शर्ट आणि काळे चष्मे घालून. त्यांना तात्या ओट्यावरूनच सांगायचे, "तुमचा पोर्ट आमी उघडलेलाच न्हाई." त्यातला एक जण चिकाटीचा होता. तो पाचही दारं फिरून आला आणि पाचही दारांवर तात्या त्याच्या आधी हजर होते.

काकी वैतागायच्या. "आन् माझ्या माहेरची मानसं कितव्या नंबरनं यायची?"

"त्यास्नी एक नंबर. पन आदी कळवून."

"म्हातारा खुळावलाय," काकी मला सांगायच्या, तात्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आन् ते खूळ तुमी भरवलंय, भाऊ. तुमीच."

खरं होतं. ते खूळ मीच भरवलं होतं. आणि त्याच्यापुढचंही जे झालं तेही माझंच काम. ते सांगायचं म्हणून हे लिहायला बसलो आहे. पण आधी तात्या नीट दिसू देत.

तात्या साठीला टेकलेले. अंगानं काटक, पांढरी टोपी, पायजमा, आणि डोळ्यांवर कायम जरा तिरका बसलेला चष्मा. हिंजवडीच्या बाजूची जमीन गेली, आलेल्या पैशातून त्यांनी हे दोन मजली घर बांधलं आणि वरच्या खोल्या आमच्यासारख्या कंपनीवाल्यांना दिल्या. घरामागं एक भातखाचर आणि एक गाय एवढं त्यांनी राखलं होतं. "हे इकलं तर सकाळी उठून करू काय?" असं ते म्हणायचे. मूल एकच. संतोष. तात्यांच्या तोंडी संत्या.

संतोषनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. मागच्या पडवीकडच्या खोलीत त्याचं मशीन असायचं, बाजूचं झाकण काढलेलं, त्यावर टेबलफॅन लावलेला. त्या मशीनवर तो बंदुकांचा एक खेळ चालवायचा. त्याचे कॉलेजातले मित्र, मारुंजीची, नांद्याची पोरं संध्याकाळी त्याच्या खोलीत जमायची आणि एकमेकांना गोळ्या घालायची. तात्यांना तो आरडाओरडा आवडायचा. ते पडवीत बसून मधूनच आत हाक द्यायचे, "कोन मेलं रं?"

"सुन्या मेला, तात्या!"

"चा टाकायला सांगू का मग?"

पुढं संतोषला मस्कतला नोकरी लागली. एका हॉटेलात कॉम्प्युटरचं बघायची. जायच्या आधी तो वर माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, हे मशीन मी बंद करनार न्हाई. हितंच चालू ऱ्हाऊ दे. पोरं आपापल्या घरनं नेटवरनं खेळायला येतील, मी मस्कतनं येईन. तेवढी बाहेरनं आत यायची वाट करून द्या. माझी घाई चाललीय, मला त्यो राऊटर दाद देईना." तेव्हा नुकतंच टेलिफोन खात्याचं ब्रॉडबँड गावात आलं होतं. त्याच राऊटरच्या डब्यातून एक वायर वर माझ्या खोलीत घेतली होती, त्यामुळं डब्याशी माझीही ओळख होती. मी हो म्हणालो.

संतोष गेल्यानंतरच्या रविवारी मी त्याच्या खोलीत मांडी ठोकून बसलो. तात्या स्टूल घेऊन शेजारी. आपल्या घराला हा माणूस काय करतोय ते त्यांना समजून घ्यायचं होतं.

"तात्या, हा डबा म्हणजे तुमच्या घराची भिंत समजा," मी म्हणालो. "या भिंतीला दारं आहेत. त्यांना पोर्ट म्हणतात."

"किती?"

"पासष्ट हजारांच्या वर."

तात्यांनी डब्याकडे वाकून बघितलं. मग म्हणाले, "येवड्या दारास्नी कड्या कोन घालतंय?"

"कड्या घातलेल्याच असतात. सगळी बंद. आपण त्यातलं एकच उघडायचं, संतोषच्या खेळाचं. त्याचा नंबर सत्तावीस हजार पंधरा. बाहेरून त्या नंबरवर कुणी आलं की हा डबा त्याला या खोलीतल्या या मशीनकडे आणून सोडणार."

"मदी कुनाला इचारनार न्हाई?"

"नाही."

"संत्या मस्कतात बसून त्या नंबरवर आला, की थेट हितं? ह्या खोलीत?"

"थेट."

"परत येकदा सांगा."

मी परत सांगितलं. तात्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा तिरकाच बसवला. दुसऱ्या दिवशी कंपनीतून आलो तर घरभर टर्पेंटाइनचा वास, आणि तात्या मागच्या दारासमोर उकिडवे बसून शेवटच्या पाचाचं पोट रंगवत होते.

तर त्या दाराची ही हकीकत. बाकीच्या चार दारांना नंबर पडले ते या एका दाराला एकटं वाटू नये म्हणून, असं मला आता वाटतं.

आता एक अडचण सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दार उघडलं तरी घराचा पत्ता हवा ना? इंटरनेटवर तात्यांच्या घराला जो पत्ता मिळायचा तो म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं. आणि डबा बंद होऊन चालू झाला की पत्ता बदलायचा. टेलिफोन खातं दुसरा द्यायचं. त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग जोरात. लाईट गेली की डबा बंद, लाईट आली की डबा चालू, मशीन आपलं आपण उठून खेळ मांडून बसायचं, पण पत्ता नवा. मस्कतात संतोष जुन्या पत्त्यावर येऊन उभा, आणि तिथं कुणीच नाही.

मग नवा पत्ता संतोषला कळवायचा. ते काम तात्यांचं. मी त्यांना शिकवलं होतं : पडद्यावरच्या या खुणेवर टिचकी मारायची, पान उघडेल, त्यातली तिसरी ओळ वाचायची. इंग्रजी अक्षर तात्यांना येत नव्हतं, पण फोनमुळं आकडे पक्के होते. तळहातावर बॉलपेननं चार आकडे लिहून घ्यायचे, पुढच्या खोलीत यायचं, टोपी सारखी करायची, आणि मस्कतला एक मिस कॉल द्यायचा. थोड्या वेळानं तिकडून फोन वाजायचा.

तो फोन जिन्याला लागून होता. त्यामुळं ते बोलणं मला सगळं ऐकू यायचं. संतोषचा आवाजसुद्धा, कारण तात्या रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायचे.

"हां, लिव. पयला आकडा येकशे सतरा. लिवला? आता टिंब. टिंब दिलंस का? बरं. गाय गाभन हाय."

"आं? बरं. दुसरा सांगा, तात्या."

"सांगतुया की. चष्मा घालू दे. तुजी आय म्हनती, तितं भात खातुयास का नुसतं मटनच?"

"भात खातो. आकडा."

"भात कसला? आंबेमोहर?"

"इथं कुठला आंबेमोहर! तात्या, पोरं खोळंबलीत."

"मग पाठवू का? सुन्याचा मामा जानार हाय दुबईला."

"दुबई येगळी, मस्कत येगळं."

"आता घ्या. आमाला काय म्हाईत? दुसरा आकडा लिव."

दुसऱ्या आकड्याबरोबर काकींचा गुडघा जायचा. तिसऱ्याबरोबर गावात कुणाचं लग्न, कुणाची विहीर बुजवली, कुठल्या बाजूनं रस्ता काढलाय. आणि चौथा आकडा तात्या देतच नसत. म्हणजे द्यायचे, पण एकदम नाही. दोन आकड्यांची संख्या असली तर पहिला आकडा द्यायचे आणि थांबायचे.

"शेवटचा लिव. तीन... आन्..."

"आन् काय?"

"आन् पाऊस कसा हाय तितं?"

"तात्या, मस्कतात पाऊस नसतो!"

"मग मानसं प्येरत्यात कवा?"

तिकडं संतोष हसायचा. वैतागायचा, पण हसायचा. काकी तोवर ओले हात पुसत येऊन रिसीव्हरच्या दुसऱ्या बाजूला कान लावून उभ्या. मग उरलेला आकडा मिळायचा, आणि तो मिळाल्याबरोबर संतोष म्हणायचा, "बरं, ठेवतो." खट्ट. तात्या क्षणभर रिसीव्हर तसाच धरून ठेवायचे, मग उपरण्यानं पुसून जागेवर ठेवायचे आणि तळहात काकींना दाखवायचे, "झालं. गेला आत."

एरवी संतोषचा फोन यायचा नाही असं नाही. सणाला यायचा. पण त्यात "बरं हाय का?", "बरं हाय", "पैसे मिळाले का?", "मिळाले", असं चार वाक्यांत आटपायचं. पत्त्याच्या फोनची मजा त्यात नव्हती. पत्त्याच्या फोनला काम होतं.

मी तात्यांना एकदा म्हणालो, "इन्व्हर्टर घ्या ना. लाईट गेली तरी डबा चालू राहील, पत्ता बदलणार नाही. हा रोजचा व्याप वाचेल."

"नगं," तात्या म्हणाले. "त्या बॅटरीचा वास येतुया."

मी हे तेव्हा त्यांच्या तऱ्हेवाईकपणात जमा केलं आणि कंपनीत सांगून लोकांना हसवलं.

मग एका वर्षी आमच्या भागातलं लोडशेडिंग कमी झालं. आठवड्यातून एखाद्या दिवशी जायची तेवढीच. पण आमच्या घरातली लाईट जातच राहिली. शेजारी पंखा फिरतोय, समोरच्या चक्कीवर दळण चाललंय, आणि तात्यांच्या घरात अंधार. पाच मिनिटं. मग यायची. वायरमनला बोलावलं. त्यानं खांबापासून मीटरपर्यंत सगळं तपासलं आणि म्हणाला, "तात्या, लाईनीत काय बी दोष न्हाई."

"मग लायटीच्या मनात आसंल," तात्या म्हणाले आणि त्याला तीन नंबरच्या दारानं चहाला नेलं.

मला याचा त्रास व्हायचा. सुट्टीच्या दिवशी घरून कंपनीचं काम करत असलो की मध्येच माझी लाईन तुटायची. केलेलं वाया जायचं. एकदा ताप आला म्हणून मी दुपारी घरीच होतो. पाणी प्यायला खाली येत होतो. जिन्याच्या वळणावर थांबलो. खाली मीटरच्या पेटीपाशी तात्या उभे होते. एक हात मेन स्विचवर. दुसऱ्या हातानं त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती, देवळात धरतो तशी. आजूबाजूला बघितलं, वर मात्र बघितलं नाही. आणि स्विच खाली ओढला.

घरातले पंखे थांबत गेले. आतून काकींची हाक, "गेली वाटतं ओ!"

"गेली," तात्या मीटरपाशी उभे राहून म्हणाले.

मी आवाज न करता वर गेलो. थोड्या वेळानं लाईट आली. मग पावलं मागच्या खोलीत गेली, पुढच्या खोलीत आली. मग फोन वाजला. "हां, लिव. पयला आकडा..."

म्हणजे मला माहीत होतं. ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. मला माहीत होतं, आणि तरी पुढचं मी केलं.

झालं असं की पावसाळा संपता संपता संतोषनं माझ्या मोबाईलवर फोन केला. म्हणाला, "दादा, पत्त्याऐवजी कायमचं नाव लावता येतंय ना? फुकट असतंय, छोटा प्रोग्राम टाकायचा. पत्ता किती बी बदलू दे, आमी नावानं येनार. तात्यास्नी लई तरास होतुया. म्हातारं मानूस दर बारीला फोनपाशी बसतंय, आकडं वाचतंय. मला बरं वाटत न्हाई."

त्याच्या आवाजात खरी काळजी होती. त्या क्षणी मी त्याला सांगू शकत होतो, की बाबा रे, लाईट तुझे वडील घालवतात. त्यांना तुझ्याशी बोलायचं असतं आणि नुसतं बोलायला फोन करायची त्यांना लाज वाटते. एवढी दोनच वाक्यं. मी म्हणालो, "हो, करतो की. दहा मिनिटांचं काम आहे."

का? स्वतःला मी सांगितलं की माझी लाईन तुटते, नुकसान होतं. तेही होतंच. पण ते सगळं नाही. माझी आई तेव्हा उदगीरला एकटी असायची. रविवारी मी तिला फोन करायचो, टीव्हीचा आवाज बारीक करून, आणि ती शेजारणीच्या सुनेचं सांगायला लागली की म्हणायचो, "बरं आई, ठेवतो." जिन्यातून तात्यांचा तो चौथा आकडा ऐकला की मला बसवत नसे. ते ऐकू येणं बंद व्हावं असं मला वाटायचं. नाव लावायचं काम मी त्यासाठी केलं.

तात्या खाचरात पाणी बघायला गेले होते ती वेळ मी धरली. आतल्या बाजूनं संतोषच्या खोलीत गेलो, प्रोग्राम टाकला, एक सोपंसं नाव घेतलं, संतोषला कळवलं. दहा मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी तात्या ओट्यावर पाय धूत होते. मी सांगितलं. तेही कौतुकानं सांगितलं, भेट द्यावी तसं.

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. "म्हंजे आता पत्ता बदलायचाच न्हाई?"

"बदलेल हो. पण कुणाला सांगावा लागणार नाही."

"लाईट गेली तरी?"

"गेली तरी."

"कितीबी येळा?"

"कितीही वेळा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी जिन्याच्या कठड्याकडे बघत होतो. मग ते म्हणाले, "लई झ्याक काम केलंत, सायेब," आणि आत जाऊन एका पिशवीत घरचा आंबेमोहर घेऊन आले. मी नको म्हणालो. "घ्या. पोराची सोय केलीत." तो तांदूळ मी शिजवला. खोलीभर वास सुटला. फार खाल्ला गेला नाही.

त्यानंतर एकदा, एकदाच, फक्त आमच्या घरातली लाईट गेली. शेजारची चक्की चालू होती. थोड्या वेळानं आली. पावलं मागं गेली, पुढं आली. मी जिन्यात उभा. तात्या फोनपाशी खुर्चीत बसले होते, टोपी नीट करून, डाव्या तळहातावर बॉलपेनचे निळे आकडे. मिस कॉल दिला असावा. तिकडून फोन आला नाही. तिकडं संतोषला मिस कॉलचा अर्थ एकच ठाऊक होता, की पत्ता बदलला, आणि त्याची आता त्याला गरज नव्हती. काकी येऊन कान लावायच्या जागी उभ्या राहिल्या आणि तशाच परत गेल्या. बऱ्याच वेळानं तात्या उठले, मोरीत गेले आणि साबणानं हात धुतला.

त्यानंतर आठवड्याचं लोडशेडिंग सोडलं तर आमच्या घरातली लाईट गेली नाही. माझी लाईन कधी तुटली नाही. काकी म्हणाल्या, "वायरमननं काय तरी चांगलं केलं बगा."

दारांचे नियम मात्र ढिले पडत गेले. एजंट एक नंबरनं येऊन ओट्यावर बसू लागले. वीजबिल कुणी मागच्या दारी दिलं तरी तात्या घ्यायचे. काकींच्या माहेरची माणसं न कळवता आली आणि तात्यांनी त्यांना मुकाट्यानं चहा दिला. तेव्हा काकीच घाबरल्या. "भाऊ, जरा बगा की ह्यांच्याकडं. भांडत न्हाईत आताशा."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी मी खाली गेलो. काय करायचं ते मनात ठरवलं होतं. तात्या पुढं नव्हते, गोठ्यात नव्हते. संतोषच्या खोलीत होते. त्याच स्टुलावर, मशीनसमोर, हातात चहाची बशी. मशीनच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी येत होत्या. खेळात कोण आलं, कोण गेलं, त्याच्या ओळी.

"या," तात्या म्हणाले. कितव्या दारानं आलो ते विचारलं नाही.

"वाचता येतं का तात्या हे?"

"कुटलं वाचतुया. पन नागावानी अक्षर आलं, त्याच्याम्होरं ही अशी शेपटी, की आमचा. त्यो आला की कळतंय." बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "येकदा सुन्याचं बी नागाचंच निघालं. फसलो म्या."

"फसलात म्हणजे?"

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ आली. नागाचं अक्षर, म्हणजे इंग्रजी एस, मग शेपटी. तात्यांनी बशी खाली ठेवली. उठले. मागच्या दारापाशी गेले आणि त्याची कडी काढली. दार सताड उघडलं. पडवीतलं ऊन आत आलं, लाल आकडे भिंतीला टेकले. तात्या परत येऊन स्टुलावर बसले.

मला कळायला वेळ लागला. मग विचारलं, "सुनील आला तेव्हाही उघडलंत?"

"उगडलं. मागनं कळलं सुन्या हाय. पन आल्याला परत कसं घालवायचं? ऱ्हायलं उगडं त्यो जाईस्तवर."

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. ठरवून आलो होतो ते सांगितलं, "तात्या, ते नाव मी काढून टाकतो. प्रोग्राम बिघडला म्हणून सांगतो संतोषला. पुन्हा आधीसारखे आकडे सांगावे लागतील."

तात्या पडद्याकडेच बघत होते. मला वाटलं ऐकलं नाही. मग म्हणाले, "तवा जिन्यात तुमीच हुता व्हय? मीटरच्या दिशी?"

मी मान हलवली.

"वाटलं मला. मागनं जिन्याखाली तुमच्या चपला दिसल्या." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यानं मला जास्तच खाली बघावं लागलं. "नगं, सायेब. ऱ्हाऊ द्या नाव. लई दमून येत आसंल त्यो. त्यात म्हाताऱ्याचं आकडं ऐकत बसायचं." मग ते म्हणाले, "घरचं पोरगं दार वाजवून येतंय व्हय?"

आज माझी मुलगी बंगळूरला असते. सगळं मोबाईलवर आहे. वायफायचा पासवर्डसुद्धा तिला मला विचारावा लागत नाही, तिच्या फोनला तो पाठ आहे. घरी येते, आत शिरते, तिचा फोन आपला आपण जोडला जातो. मी काही सांगायला तोंड उघडतो आणि सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

त्या दुपारी आम्ही दोघं बसून राहिलो. काकींनी मलाही एक कप चहा आणून दिला. पडद्यावर ओळी येत होत्या, जात होत्या. त्यात कोण मरतंय, कोण मारतंय, मला कळत होतं. तात्यांना कळत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. मग नागाच्या अक्षराची ओळ पुन्हा आली. या खेपेला पुढचा शब्द वेगळा होता.

"तात्या," मी म्हणालो, "संतोष गेला वाटतं."

"व्हय. बगितलं."

ते उठले नाहीत. मीच उठलो, दारापाशी गेलो, कडीला हात घातला. "लावू का?"

"ऱ्हाऊ द्या जरा," तात्या म्हणाले. "वारं येतुया."